सत्तेचाळीस नंबरचा पंप आणि माझी रजा

सोमवार, २ मार्च

पंप! आज दिवसभर पंप. सकाळी दहाला बसलो तेव्हा पंप, जेवणाच्या सुट्टीत पंप, पाचला उठलो तरी पंप होता तिथेच. नऊ देशांचे नऊ प्रतिनिधी, सगळे शिकलेसवरलेले, इस्त्रीचे कपडे घालून एका पंपावरून हमरीतुमरीवर आलेले. अकरावा आठवडा आहे हा.

लिहून काढते, म्हणजे डोकं जरा हलकं होईल. 'तो देश' – ऑफिसात त्याचं नाव कोणी घेत नाही, सगळे 'तो देश'च म्हणतात – डोंगराच्या पोटात काहीतरी करतोय आणि तपासनिसांना आत येऊ देत नाही. काहीतरी म्हणजे काय, तर बॉम्ब. हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आमच्या नऊ जणांनी मिळून त्याच्यावर निर्बंध घालायचे, म्हणजे त्याला काय काय विकायचं नाही त्याची यादी करायची. यादीत एकशे बारा वस्तू. एकशे अकरांवर जानेवारीतच एकमत झालं. सत्तेचाळीस नंबरवर गाडी अडली ती अडलीच. तो हा पंप. एक म्हणतो बॉम्बचा, दुसरा म्हणतो लशींचा.

माझं काम मसुदा सांभाळायचं. जिथे भांडण असेल तिथे मजकुराला चौकोनी कंस घालायचा, भांडण मिटलं की काढायचा. बावीस वर्षं झाली. कंस घालायला दोन सेकंद लागतात. काढायला – असो.

खरं दुखणं वेगळंच आहे. धाकटीची तारीख वीस दिली आहे डॉक्टरांनी. पहिलंच बाळंतपण. ती राहते बसने चार तासांवर. आज पुन्हा रजेचं काढलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघू." गेले तीन आठवडे 'बघू'च चाललंय.

मंगळवार, ३ मार्च

मोठीचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही, थेट मुद्द्यावर. "आई, या वेळी तरी जाणार आहेस ना?"

या वेळी तरी! सहा वर्षं झाली, पण सोडत नाही पोरगी. तिच्या बाळंतपणाच्या वेळी जहाजांच्या झडतीचा मसुदा अडकला होता. मी पोचले आठव्या दिवशी. तिने दार उघडलं, बाळ खांद्यावर होतं, आणि म्हणाली, "या पाहुण्या." एवढंच. मी हसले तेव्हा. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

धाकटीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही. जग बुडालं तरी. (आणि माझ्या नोकरीत जग बुडण्याचाच विषय असतो, हे आणखी वर.)

बुधवार, ४ मार्च

माझी रजा म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रश्न झालाय. मसुदा सांभाळणारी व्यक्ती नऊही देशांना पसंत असावी लागते, कारण कुणी गुपचूप एखादा कंस इकडचा तिकडे केला तर? म्हणजे माझ्या जागी चार दिवस बसणारी व्यक्तीही नऊ जणांना पसंत पडली पाहिजे.

पलीकडच्या टेबलावरच्या सद्गृहस्थांचं नाव दिलं. कडक साहेबांनी नाकारलं. (कडक साहेब म्हणजे ज्यांना निर्बंध कडकच हवेत ते. कॉलरही कडक.) म्हणे, "तो सबुरीवाल्यांबरोबर रोज चहा पितो." मग ग्रंथालयातल्या बाईंचं नाव दिलं. ते सबुरीवाल्यांना नको. हे गृहस्थ ऊठसूट "जरा सबुरीनं घेऊ" म्हणतात. त्यांच्या सरकारला त्या देशाशी आधी बोलणी हवीत, निर्बंध मग. त्यांचं म्हणणं, "ग्रंथालयवाल्या बाई कडक साहेबांच्या गल्लीत राहतात."

एका पंपाला आणि एका बाळंतपणाला सारखाच न्याय. चला.

शुक्रवार, ६ मार्च

घरी कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं लिहून दिलंय मी. पण ह्यांची सगळी हयात पाणीपुरवठ्यात गेली, पंप म्हटलं की ह्यांना स्फुरण चढतं. जेवताना सहज विचारलं, "हवा ओढून घेणारा पंप कशाला लागतो हो?"

चुकले. ताटातला भात गार झाला, पण ह्यांचं संपेना. कुकरचं झाकण आणलं, पाण्याची बाटली आणली, बाटली चोळामोळा करून दाखवली. सार असं की लशी वाळवून त्यांची पूड करायला हा पंप लागतो. नाहीतर लस लांब गावी पोचेपर्यंत नासते. आणि बॉम्बचं इंधन करायला जी यंत्रं फिरवतात, त्यांच्यातली हवा काढायलाही हाच पंप.

"म्हणजे दोघंही खरंच बोलतायत?" मी म्हटलं.

"दोघं कोण?"

"भात घ्या अजून," म्हटलं.

ह्यांनी बघितलं माझ्याकडे. ओठांच्या कोपऱ्यात हसले आणि भात घेतला. तीस वर्षं संसार केल्यावर गुप्ततेची शपथ एवढीच टिकते.

सोमवार, ९ मार्च

पंप. रजा – "बघू."

बुधवार, ११ मार्च

अध्यक्षबाईंनी आज तोडगा मांडला. पंप विकायचा, पण फक्त लशींच्या कारखान्याला. पंपाला सील लावायचं. आणि सील शाबूत आहे की नाही ते बघायला दर महिन्याला तपासनीस जाणार. मला तर झकास वाटलं. मी लगेच पेन्सिलने कंस खोडायला घेतला.

कडक साहेब: "सील तोडतील." सबुरीवाले: "सील हा अपमान आहे." खोडलेला कंस पुन्हा घातला.

गंमत पुढेच आहे. चारला लिफ्टमध्ये सबुरीवाले भेटले. दार लागलं तसे हळूच म्हणाले, "बाई, तोडगा चांगला आहे हो. मी काय करू, वरून हुकूम आहे." साडेपाचला त्याच लिफ्टमध्ये कडक साहेब. "आपल्यातच ठेवा, पण मला पटलंय ते. राजधानीत कोण ऐकतंय?" दोघांना एकाच लिफ्टमध्ये कोंडून मधल्या मजल्यावर बंद पाडली असती तर आज काम झालं असतं. माझ्या हातात नाही लिफ्ट.

शुक्रवार, १३ मार्च

अध्यक्षबाईंनी ठरवलं. सोमवारी तोडगा मौनाच्या मुदतीवर टाकायचा.

ही आमच्याकडची जुनी पद्धत. कागद नऊ जणांना पाठवायचा, तीन दिवसांची मुदत द्यायची. कुणाला मान्य नसेल त्याने मुदतीच्या आत माझ्या टेबलावर येऊन, नोंदवहीत सही करून, लेखी हरकत द्यायची. त्याला आम्ही मौन मोडणं म्हणतो. मुदत संपेपर्यंत नऊही जण गप्प राहिले की कागद मंजूर. मग रडून भेकून उपयोग नाही.

या पंपाचं मौन चार वेळा मोडलंय. तिसऱ्यांदा तर बाराला दोन मिनिटं कमी असताना सबुरीवाले जिना चढून आले, सहीसुद्धा धापा टाकत केली. आताही मोडणारच. बाईंनाही ठाऊक आहे, मलाही.

पण! बाई म्हणाल्या, "तुझ्या रजेचाही कागद कर. निवृत्त झालेल्या आपल्या जुन्या बाईंचं नाव घाल, त्यांच्याविरुद्ध कोण काय बोलणार? तोही मौनावर टाकू." म्हणजे गुरुवारी बारा वाजता माझी रजा मंजूर, दोनच्या बसने मी धाकटीकडे, तारखेच्या एक दिवस आधी. जिना उतरताना चक्क गुणगुणत होते.

जाता जाता एका नवख्या प्रतिनिधीला झापलं. "पहिलं पान मान्य, दुसरं अमान्य" असं लिहून आणलं होतं त्यांनी. परत केलं. एका क्रमांकाला एकच उत्तर – हो तरी नाहीतर नाही तरी. हा नियम माझ्याच आग्रहावरून आला, नाहीतर लोक अर्ध्या ओळीचीही हरकत आणायचे.

सोमवार, १६ मार्च

सकाळी पाकिटं भरत होते तेवढ्यात धाकटीचा फोन. पाय सुजलेत, झोप नाही, जावईबापू ऑफिसला गेलेत. आणि मग एकदम बारीक आवाजात – "आई, तू येशील ना ग?" लहानपणी शाळेच्या फाटकाशी माझा पदर धरून असंच विचारायची. फोन खांद्याने धरून ठेवला, एका हाताने पाकिटं भरली, तोंडाने "येते ग, येते, रडू नको" चालू. बाईंनी नऊही पत्रांवर सह्या केल्या. चारपर्यंत सगळी पोचती.

झालं एकदाचं.

मंगळवार, १७ मार्च

मेले.

सकाळी नोंदवही काढली आणि पाहिलं, तर काल क्रमांक एकच टाकलाय. तीनशे अठरा. पत्र एक, क्रमांक एक, आणि त्याला कागद जोडलेत दोन. पहिला, त्या देशावरच्या निर्बंधांचा मसुदा. दुसरा, माझी रजा. "सोबतच्या कागदांस गुरुवारी दुपारी बारापर्यंत लेखी हरकत न आल्यास ते मंजूर समजण्यात येतील." बावीस वर्षांत अशी चूक केली नव्हती मी. दोन वेगळी पत्रं करायची होती. फोन कानाला असताना एकच टाइप केलं.

एका क्रमांकाला एकच उत्तर. म्हणजे पंपाला नाही म्हटलं की माझ्या रजेलाही नाही. आणि पंपाला नाही म्हणणारे दोघे तर तयारच बसलेत!

पाचावर धारण बसली. बाईंच्या खोलीत गेले, पत्र पुढे ठेवलं, उभी राहिले. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"परत मागवू?" मी विचारलं.

"मागव. नऊ पत्रं परत यायला आजचा दिवस जाईल. उद्या नवा क्रमांक, नवे तीन दिवस, शनिवार-रविवार सोडून. सोमवारी तेवीसला बारा वाजता रजा मिळेल."

"तेवीसला काय उपयोग, बाई?"

"मग राहू दे."

"पण मौन मोडलं की रजाही गेलीच ना."

"बघू," म्हणाल्या.

एवढं वाईट 'बघू' आयुष्यात ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर ह्यांना फक्त एवढंच म्हटलं, "माझ्या हातून घोळ झालाय, बहुतेक जायला मिळणार नाही." ह्यांनी माझी बॅग भरून दाराशी ठेवली. मला इतकं भरून आलं की मी उगाचच ह्यांच्यावर ओरडले, मोजे कुठल्या कप्प्यात घातलेत म्हणून.

बुधवार, १८ मार्च

अकराला कडक साहेब टेबलाशी. हातात बंद पाकीट. मी नोंदवही उघडली, पेन पुढे केलं. नोकरी म्हणजे नोकरी.

पेन घेतलं नाही त्यांनी. "ते दुसरं पान तुमच्या रजेचं आहे का हो?"

"हो."

"आणि पत्र एकच?"

"चूक माझी आहे, साहेब."

"लेकीची तारीख कधी?"

"वीस."

पाकीट कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. "अजून वेळ आहे म्हणा. शिवाय सबुरीवाले मोडणारच आहेत. मी कशाला वाईट होऊ?" गेले.

दुपारी तीनला सबुरीवाले. त्यांच्याही हातात पाकीट. त्यांनी तर बसून चौकशी केली – पहिलंच का, रक्तदाब कसा आहे, सोबत कोण. त्यांच्या दोन्ही मुलांच्या वेळी ते परदेशी परिषदांत होते, बायको अजून ऐकवते म्हणे. मग पाकिटाने वारा घेत उठले. "मी कशाला घाई करू? कडक साहेबांना राहवणार नाही. ते मोडतील आज संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळपर्यंत कोणी फिरकलं नाही. दोघांपैकी कोण मोडणार ते मला कळेना. दोघांचाही राग येतोय आणि दोघांचंही वाईट वाटतंय.

गुरुवार, १९ मार्च

बसमध्ये लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

सकाळी साडेदहाला दोघेही हजर. माझ्या खोलीबाहेर समोरासमोर दोन बाकं आहेत. इकडे कडक साहेब, तिकडे सबुरीवाले. दोघांच्या खिशातून पाकिटांचे कोपरे दिसत होते. दार उघडंच होतं, मला दोघेही दिसत होते. एक जण जरा हलला की दुसऱ्याची मान वर. कडक साहेब एकदा उठले – सबुरीवाल्यांचा चेहरा खुलला – पण ते पाणी प्यायला उठले होते. पाणी पिऊन येऊन बसले.

साडेअकरा झाले. दोघांचेही फोन वाजायला लागले, राजधान्यांतून. दोघेही खाली मान घालून "हो, हो, बघतो" म्हणत होते.

बाराला दहा मिनिटं असताना माझा फोन वाजला. जावईबापू. "आई, कळा सुरू झाल्यात. निघालोय हॉस्पिटलला." मी म्हटलं, "बाराला निघते." बाराआधी टेबल सोडता येत नाही, नोंदवही उघडी ठेवून बसावंच लागतं. मागून धाकटीचा आवाज आला, "आई येतेय का?"

फोन ठेवला. बाहेरच्या दोघांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नोंदवहीच्या कोऱ्या ओळीकडे बघत बसले. देवाशप्पथ, त्या दहा मिनिटांत ना मला तो डोंगर आठवला, ना बॉम्ब, ना त्या देशातली लस न मिळालेली पोरं. फक्त माझी पोर.

बाकांवर कुणी हललं नाही. सबुरीवाले बूट बघत होते, कडक साहेब छत.

बारा.

मी घड्याळ दोनदा बघितलं. तांबड्या शाईने ओळ मारली, खाली लिहिलं: क्रमांक ३१८, हरकत नाही. सही. वही बाईंच्या टेबलावर ठेवली, त्यांनी वर न बघता हाताने 'जा' म्हटलं. बाहेर आले तर दोघे उभे. पांढरेफटक. "तुम्ही मोडलं नाहीत?" "मी? मला वाटलं तुम्ही…" मग कडक साहेब भानावर आले, म्हणाले, "बाई, माझी गाडी आहे खाली." सबुरीवाले म्हणाले, "माझी जवळ लावलीय." त्यावरून दोघांची जुंपली. मी बॅग उचलली आणि टॅक्सी केली. दोनऐवजी साडेबाराचीच बस मिळाली.

शुक्रवार, २० मार्च

काल संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं. मुलगी. दोन किलो नऊशे.

मी होते. शेवटचा दीड तास तिचा हात माझ्या हातात होता. माझं मनगट अजून दुखतंय. मोठीला फोन केला, म्हटलं, "पाहुणी वेळेवर आलीय." ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "बरं झालं ग आई."

रविवार, २२ मार्च

ऑफिसात हलकल्लोळ माजलाय. जुन्या बाईंनी फोनवर सगळं सांगितलं. मसुदा मंजूर, निर्बंध लागू, नऊ देश एकमताने! राजधान्यांतून विचारणा – मौन का मोडलं नाही? कडक साहेबांनी कळवलं, पंपाला सील लागलं म्हणजे आपलाच विजय झाला. सबुरीवाल्यांनी कळवलं, लशींना पंप मिळाला म्हणजे आपलाच विजय झाला. दोन्ही राजधान्यांनी पत्रकार परिषदा घेतल्या. आता कुणालाच मागे फिरता येत नाही.

माझी मात्र चौकशी होईल असं वाटून अध्यक्षबाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, तुम्ही तर स्वल्पविरामसुद्धा तीनदा वाचता. सोमवारी सह्या करताना एकच क्रमांक दिसला नाही तुम्हाला?"

"चष्मा विसरले होते ग घरी," म्हणाल्या. "नात कशी आहे?"

सोमवारी चष्मा होता त्यांच्या नाकावर. मी पाहिला होता. रजा आठ दिवसांनी वाढवून दिली त्यांनी, आपण होऊन.

गुरुवार, २ एप्रिल

रजेचा शेवटचा दिवस. मी दुपटी घडी करत होते, धाकटी बाळाला पाजता पाजता पेपर मोठ्याने वाचत होती. त्या देशाने डोंगराचं दार उघडलं. तपासनीस काल आत गेले. तिथले मंत्री म्हणतात, हे नऊ जण साध्या पंपावर एक होत नाहीत अशी आमची खात्री होती. ते एक झाले तेव्हा आम्ही ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलंय.

धाकटीने पेपर खाली ठेवला. "आई, तीन महिने भांडत होती ना ग ही माणसं? मग एकदम एकमत कसं झालं त्यांचं?"

मी दुपट्याची घडी घातली.

"बाळंतपण होतं," म्हटलं.